दूरच्या यंत्राची किल्ली

ज्या संगणकावर आपला सारा कारभार चालतो तो शेकडो कोस दूर एखाद्या थंड, निर्मनुष्य दालनात असावा, त्याला ना पडदा असावा ना कळफलक, आणि तरीही आपण घरबसल्या त्याला हुकूम सोडावेत, ही सोय लिनक्स वापरणाऱ्यांच्या आता पुरती अंगवळणी पडली आहे. पूर्वी हे काम टेलनेटने होई. पण त्यात परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जाई आणि वाटेत टपून बसलेल्या कोणालाही तो वाचता येई. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात अशीच चोरी झाली, तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी सांकेतिक लिपीत संभाषण करणारी एसएसएच ही व्यवस्था रचली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या मंडळींनी तिचा मुक्त अवतार, ओपनएसएसएच, सिद्ध केला.

हिची खरी खुबी किल्ल्यांच्या जोडीत आहे. सार्वजनिक किल्ली दूरच्या यंत्राच्या दप्तरी नोंदलेली असते. खाजगी किल्ली आपल्यापाशीच राहते, आणि तिच्यावाचून कोणालाही करता येणार नाही अशी स्वाक्षरी ते यंत्र दर वेळी मागते. पहिल्या भेटीत मात्र त्या यंत्राच्या स्वतःच्या किल्लीचा ठसा, अक्षरे-अंकांची एक लांबलचक ओळ, पडद्यावर उमटतो आणि पुढे जायचे काय, असा प्रश्न येतो. पुष्कळजण ती न वाचताच ‘येस’ टंकतात. मला हे फार चिंताजनक वाटते, कारण समोरचे यंत्र तोतया नाही, हे पारखण्याची वेळ तीच. तो ठसा व्यवस्थापकाकडून आधीच मागवून घ्या, आणि अक्षरन्अक्षर ताडून मगच होकार द्या.