शेजारच्या बोटाचा आधार

शाळेच्या पटांगणावर खोखोचा सामना रंगात आला होता. पाठलाग करणारा एक मुलगा खांबापाशी वळला आणि त्याच्या अनवाणी पायाची करंगळी खांबावर आदळली. तो मटकन खाली बसला. मी धावत गेलो. "बोट हलवता येते का रे?" मी विचारले. ओठ घट्ट दाबून त्याने ते किंचित हलवून दाखविले. "मग मोडलेले नाही!" असे सांगून मी त्याला सावलीत बसविले आणि सामना पुढे चालू केला. दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला, तेव्हा करंगळी सुजून काळीनिळी झाली होती. डॉक्टरांनी क्ष-किरणांनी चित्र घेतले. हाड मोडलेलेच होते. मुख्याध्यापक म्हणून इतरांना शिकविणारा मी; पण एक ऐकीव समजूत कधी तपासून पाहिली नव्हती.

ही समजूत चुकीची का, ते पाहा. बोटे हलविणारे स्नायू पायाच्या नळीलगत आणि पावलात असतात. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. हाडाला तडा गेला तरी कंडरा शाबूत असल्या, की बोट हलते. पुष्कळदा चालताही येते. मोठ्या माणसाच्या शरीरातील २०६ हाडांपैकी ५२ हाडे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, दोन पावलांत असतात. एका पावलातील २६ हाडांपैकी १४ बोटांची. अंगठ्याला दोन आणि इतर बोटांना तीन-तीन. कित्येकांच्या करंगळीतील शेवटची दोन हाडे मात्र जुळून एकच झालेली असतात. इतक्या बारीक हाडांपैकी एखादे मोडले, तर ते बाहेरून कसे दिसावे?

मुका मार आणि मोडलेले हाड यांची लक्षणे सारखीच असतात : ठणका, सूज, निळसर डाग. हाडावरील नेमक्या एका जागी दाबताच कळ आली, किंवा बोट वाकडे दिसू लागले, तर मोडल्याचा संशय बळावतो. खात्री मात्र क्ष-किरणांच्या चित्रानेच होते. विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला हे किरण १८९५ साली जर्मनीत आढळले आणि त्याच वर्षी त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. तुमच्या वयाच्या मुलांचे चित्र वाचणे जरा अवघड असते. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ मऊ कूर्चेचा पट्टा असतो. तो चित्रात काळ्या रेषेसारखा, थेट तड्यासारखाच दिसतो.

ठेच लागली, की आपल्या घरांत कोणीतरी गरम तेल घेऊन चोळावयास बसते, कोणी बोट ओढून 'बसविते'. माया खरी, पण उपाय वाईट. मोडल्या जागी रक्त साकळते, त्यात प्रथम मऊ आणि मग कठीण सांधा धरतो. चोळण्याने व ओढण्याने मोडलेले तुकडे हलतात आणि सूज वाढते. त्याऐवजी पाय उशीवर उंच ठेवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा. तो उघडा कातडीवर ठेवू नये. आईच्या किंवा काकूच्या पायाला लागले असेल, तर जोडवी लगेच काढावीत. सूज चढल्यावर ती निघत नाहीत आणि बोटाचा रक्तप्रवाह अडतो.

बोट सरळ असेल, तर पुढचा उपचार मोठा गमतीचा आहे. दुखऱ्या बोटाला शेजारच्या निरोगी बोटाशी चिकटपट्टीने बांधतात. मध्ये कापसाची घडी ठेवतात, नाहीतर घामाने कातडी सोलते. पट्टी फार आवळली, तर बोट पांढरे किंवा बधिर होते. तसे दिसताच ती सैल करावी. चालताना कडक तळव्याचे पादत्राण घालावे. बहुधा चार ते सहा आठवड्यांत हाड जुळते. तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन, असा सांधा पक्का होण्याचा काळ सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. बोट मोडले असता ते सरळ करून बारीक पट्टीने वेढावे, असेही तेथे म्हटले आहे.

अंगठ्याची गोष्ट वेगळी. चालताना त्याच्यावर मोठा भार येतो, म्हणून तो मोडल्याचा संशय आला तर डॉक्टरांकडेच जावे. मुलांच्या अंगठ्याला ठेच लागून नखाच्या मुळाशी रक्त आले, तर त्याच दिवशी जावे. त्या नखाखालीच वाढत्या हाडाची कूर्चा असते, आणि फुटलेल्या कातडीतून जंतू हाडापर्यंत पोहोचू शकतात. बोट वाकडे झाले, जखम झाली किंवा बोट थंड पडले, तरीही थांबू नये.

आमच्या खेळाडूची करंगळी शेजारच्या बोटाशी बांधली गेली. तेवढ्या दिवसांतले सामने त्याने माझ्या शेजारी बसून, गुण लिहीत पाहिले. कोणी ठेचकाळले, की मी तोंड उघडण्यापूर्वीच तो ओरडे, "सर, बोट हलवायला सांगू नका!"