तयारी चालू असण्याची मुदत

‘मंग, सध्या काय करून राह्यला?’ पदवीचा शेवटचा पेपर देऊन गावी आलेल्या मुलाला हा प्रश्न बसथांब्यावर, लग्नाच्या मांडवात, पिठाच्या गिरणीवर, कुठंही गाठतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याला ख्यालीखुशाली हवी असते. ज्याला विचारलं त्याच्या पोटात मात्र गोळा येतो. मग ठरलेलं उत्तर येतं: ‘एमपीएससीची तयारी चालू आहे’, नाहीतर ‘भरतीची चालू आहे’. विषय तिथंच मिटतो. पुढच्या दिवाळीला तोच प्रश्न, तेच उत्तर.

केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं, मालेगाव–मेहकर रस्त्यावरचं गाव. अशा गावातल्या मुलांच्या शिक्षणाचा नकाशा जवळपास ठरलेला असतो. कॉलेजसाठी रिसोड, मालेगाव, मेहकर नाहीतर वाशीम, क्लाससाठी अकोला-अमरावती, आणि घरी दोन पैसे सुटत असतील तर पुणे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत गेला. वावरात सोयाबीन आणि तूर, आसपास मोठा कारखाना नाही. पदवीनंतरची वाट सरकारी भरतीकडे वळते यात नवल काही नाही. त्या वाटेवरचा ताण नेमका कशाचा असतो आणि त्याचं काय करता येतं, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं.

ताण दोन, औषधं वेगळी

कॉलेजातल्या ताणाला वेळापत्रक असतं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची हिवाळी परीक्षा, उन्हाळी परीक्षा, मध्ये प्रॅक्टिकल आणि राहिलेले विषय. हा ताण हलका नाही. हिवाळी सत्राचे दिवस आणि सोयाबीनची सोंगणी एकाच सुमाराला येतात. मजूर मिळत नाहीत, घरचं माणूस वावरात लागतं आणि पुस्तक गंजीपाशी उघडावं लागतं. तरीही पेपर संपला की तो ताण उतरतो. त्याची तारीख माहीत असते, अभ्यासक्रम छापील असतो, सोबतीला वर्ग असतो.

पदवी हातात पडली की हे सगळं एका झटक्यात सुटतं. हजेरीपट नाही, रोल नंबर नाही, ‘काल का आला नाहीस’ म्हणणारे सर नाहीत. एसटीचा विद्यार्थी पास दोन तृतीयांश भाडं वाचवायचा, तोही बंद होतो. रिसोडच्या अभ्यासिकेत जायचं तर आता रोजच्या तिकिटाचा हिशेब घरी द्यावा लागतो. मुलीच्या बाबतीत पास संपणं म्हणजे बऱ्याचदा घराबाहेर पडण्याचं कारणच संपणं. आणि समोर असते अशी परीक्षा, जिची जाहिरात कधी येईल, पेपर कधी होईल, निकाल कधी लागेल, यातलं काहीच नक्की नसतं. पहिल्या ताणाला अभ्यास हे औषध होतं. दुसऱ्यावर नुसता अभ्यास पुरत नाही, कारण तो ताण अभ्यासाचा नाहीच. तो वाट पाहण्याचा आहे.

दोष कुणाचा किती

थोडा हिशेब मांडू. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या सुमारे साडेचार हजार आणि अर्ज आले दहा लाखांवर, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. खुल्या गटाला अर्जाची फी हजार रुपये होती. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. एक उमेदवार एकाहून अधिक पदांना अर्ज करू शकतो, त्यामुळे अर्ज म्हणजे माणसं नव्हेत. तरी रांगेची लांबी कळायला एवढं पुरेसं आहे.

त्यात तारखा जागच्या हलतात. १४ मार्च २०२१ ची एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षा त्याच दिवशी बँकेची परीक्षा आल्यानं आंदोलनानंतर पुढे गेली, ती १ डिसेंबरला झाली. तलाठी भरतीच्या निकालात तर २०० गुणांच्या परीक्षेत २१४ गुण दिसले. वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरांची काठिण्यपातळी सारखी करण्याच्या गणितातून ते आले होते, पण गावात बसून मोबाइलवर यादी पाहणाऱ्याच्या मनात संशयाची पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

पदवीनं नोकरी लागते हा समजही आकड्यांपुढे टिकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. न शिकलेल्याला मिळेल त्या कामावर जावंच लागतं, शिकलेला आपल्या शिक्षणाजोगं काम मिळेपर्यंत थांबतो. त्या थांबण्यामागे आईबापांचा पैसा आणि आशा दोन्ही असतात. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. रात्री दोन वाजता छताकडे पाहत ‘माझ्यातच काही कमी आहे’ म्हणणाऱ्याला हे कळावं, की त्याच्या अपयशातला मोठा वाटा रांगेचा आहे.

अर्धवट माहितीचा जाच

वाट पाहणं एवढं का छळतं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर दगड दाखवले. दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण बोचणारा झटका. घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना माणसं त्या मानानं शांत होती. सर्वांत जास्त ताण आला तो शक्यता निम्मी-निम्मी असताना. वाईट बातमीपेक्षा ‘होईल की नाही होणार’ हे शरीराला जड जातं. निकालाआधी यादीच्या काठावर असलेला मुलगा नक्की हुकणाऱ्यापेक्षा जास्त का तडफडतो, याचा अंदाज यावरून येतो.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. अनिश्चितता वाढली की ज्यांचा ताण वाढायचा आणि ती कमी झाली की उतरायचा, त्यांचे अंदाज जास्त बरोबर येत होते. म्हणजे ताण हा शत्रू नाही. परिस्थितीप्रमाणे चढणारा-उतरणारा ताण कामाचा असतो, बारा महिने एकाच पट्टीत वाजणारा ताण माणसाला पोखरतो. तो उतरायचा असेल तर त्याला कुठंतरी काठ हवा. परीक्षा मंडळ तो देणार नाही, तेव्हा आपणच घालायचा.

काठ कसा घालायचा

पहिली गोष्ट मुदत. एमपीएससीच्या बहुतेक पदांना खुल्या गटासाठी वयाची अट ३८ वर्षं आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. ही सवलत चांगली, पण सरकारनं घातलेली मर्यादा ही आपल्या आयुष्याची मर्यादा धरून चाललं तर विशी-तिशी दोन्ही तयारीत जातात. स्वतःची मुदत त्याच्या बरीच अलीकडे हवी आणि ती तारखेत नाहीतर प्रयत्नांत मोजलेली हवी. मुख्य म्हणजे ती घरी सांगितलेली हवी. मनातली मुदत वाढवता येते, आईबाबांसमोर कागदावर लिहिलेली वाढवताना कारण द्यावं लागतं.

समजा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी पोलीस भरतीच्या मागे आहे. तिच्या कागदावर काय असेल? मैदानीचे ५० गुण: ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. लेखीचे १००. आजची तिची वेळ किती, गोळा किती लांब जातो, सराव पेपरात किती पडतात. पुढे लिहिलेलं: दोन भरत्या किंवा वयाची पंचवीस वर्षं, आधी येईल ते. आणि खाली दुसरी ओळ: याच सहा महिन्यांत टायपिंगचं प्रमाणपत्र. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट असलं की लिपिक-टंकलेखकाच्या पदांचं दार उघडतं, शिवाय सेतू केंद्रापासून खाजगी कार्यालयापर्यंत कुठंही ते चालतं.

ही दुसरी ओळ महत्त्वाची. आपल्याकडे दुसरा पर्याय म्हणजे हरल्यावर धरायची वाट, असा समज आहे. म्हणून तो शेवटापर्यंत कुणी उघडत नाही आणि उघडतो तेव्हा वय निघून गेलेलं असतं. दुसरी वाट पहिलीसोबतच चालू हवी, आठवड्याचे चार-सहा तास का असेना. राज्य सरकारनं २०२४ मध्ये सुरू केलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरलं होतं. ती नोकरी नव्हती आणि तिची मुदत संपल्यावर पुढं काय, यावरून नाराजीही झाली. पण अशा ठिकाणी मिळालेला कार्यालयीन कामाचा अनुभव पुढच्या अर्जात लिहिता येतो, ‘तयारी’ लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट नेमकेपणा. अपुरं राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, हा सगळ्यांचा अनुभव. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की काम पूर्ण न करताही हे घोळणं थांबू शकतं. ते कधी, कुठं, कसं करणार याचा पक्का आराखडा केला की मन ते बाजूला ठेवतं. ‘उद्यापासून जोर लावतो’ हा आराखडा नव्हे. ‘सकाळी सहा ते आठ गणित, मंदिरामागच्या खोलीत, मोबाइल घरी’ हा आराखडा झाला. भरतीची मुलं पहाटे रस्त्यानं धावतात, त्यांचा दिवस नुसता वाचत बसणाऱ्यांपेक्षा सावरलेला असतो. त्याचं एक कारण व्यायाम, दुसरं म्हणजे वेळ, जागा आणि सोबती तिन्ही ठरलेले असतात.

तिसरी गोष्ट स्वतःशी बोलण्याची. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून आणि लेखनातून मराठी घरांत पोचवली. तिचा गाभा साधा आहे. ‘मला ही पोस्ट मिळावी, त्यासाठी मी जिवापाड मेहनत करीन’ ही इच्छा झाली. ‘मला ती मिळालीच पाहिजे, नाही मिळाली तर मी कवडीमोलाचा’ हा हट्ट झाला. इच्छा मोडली तर दुःख होतं, माणूस रडतो आणि उठतो. हट्ट मोडला तर माणूस स्वतःलाच मोडीत काढतो. निकाल लागण्याआधीच हा फरक स्वतःला सांगून ठेवावा लागतो, यादीत नाव नसलेल्या संध्याकाळी ते सुचत नाही.

घरच्यांनीही एक गोष्ट टाळावी. ‘तुझ्यासाठी एकर विकलं’ हे वाक्य खरं असलं तरी त्यानं अभ्यास वाढत नाही, लपवालपवी वाढते. नापास झाल्याचं सांगायला मूल घाबरू लागलं, की पुढचे अर्ज, खोटे निकाल, उसनवारी हे सगळं अंधारात सुरू होतं. कर्ज किती आहे ते मोकळेपणानं सांगा, आणि मुलालाही तेवढ्याच मोकळेपणानं गुण सांगू द्या.

ताण आणि आजार

काही वेळा प्रश्न वेळापत्रकाच्या पलीकडे गेलेला असतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली, मित्रांचे फोन उचलत नाही, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं. यातलं काही दिसलं तर उपदेश थांबवून मदत घ्यावी, आणि शेवटचं दिसलं तर त्याच दिवशी. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीत बोलता येतं, नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. शेतकरी आत्महत्यांची झळ बसलेल्या चौदा जिल्ह्यांसाठी राज्यानं आणलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात वाशीमही आहे, म्हणजे मनाचा आजार हा सरकारी दवाखान्याचा विषय आहे हे या जिल्ह्याला नवं नाही. शेतकऱ्याच्या मुलानं त्याच दारातून आत जायला लाजू नये.

कॉलेजची जबाबदारी

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. टेली-मानसचा क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात मोठ्या अक्षरांत लावलेला हवा. तालुक्याच्या ठिकाणचं जवळपास कुठलंही कॉलेज या शंभराच्या अटीत बसतं. तेव्हा ‘आपले समुपदेशक कोण आणि कुठल्या वारी भेटतात’ असं प्राचार्यांना विचारणं हा आगाऊपणा नाही, हक्क आहे.

पण या सूचनांचा भर शिकत असलेल्यांवर आहे, आणि खरी पोकळी पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात आहे. त्यासाठी नवीन योजना लागत नाही. नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजला माजी विद्यार्थी पुढे कुठं गेले याची माहिती जमवावीच लागते. त्यासाठी केलेला एक फोन फॉर्मचा रकाना भरून संपतो. त्याच फोनवर ‘दुसरं काय चालू आहे, झोप लागते का, वाचनालयाचं कार्ड वर्षभर चालू ठेवू का’ एवढं विचारलं, तर कॉलेजचा खर्च वाढत नाही आणि केनवडसारख्या गावात बसलेल्या मुलाला आपण कुणाच्या तरी हजेरीपटावर अजून आहोत हे कळतं. पदवी देणाऱ्यानं वर्षभर एवढी जबाबदारी घ्यावी, ही मागणी विद्यापीठाकडे लेखी जायला हरकत नाही.