परक्या देशातील जनउठाव आणि बाहेरची मदत : वसईचा इतिहास काय सांगतो?

एखाद्या देशातील जनता आपल्या राज्यकर्त्यांविरुद्ध उठली, राज्यकर्त्यांनी तिच्यावर बंदुका रोखल्या, तर बाहेरच्या राष्ट्रांनी आपले सैन्य घेऊन तेथे जावे काय? लिबिया, सीरिया, म्यानमार अशी नावे गेल्या पंधरा वर्षांत वृत्तपत्रांतून आपल्यासमोर येत राहिली आणि त्या प्रत्येक वेळी हा प्रश्न नव्याने विचारला गेला. वसईकराला या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. होळीच्या बाजारात रोज भाजी घेणाऱ्या माणसाला वसईचा किल्ला परका नाही, आणि या किल्ल्याच्या परिसरात तीन वेळा 'बाहेरची मदत' या विषयाचा व्यवहार झालेला आहे. त्यातील दोन व्यवहार राजांचे होते, एक प्रजेचा होता.

पहिला व्यवहार २३ डिसेंबर १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने व्याकूळ झाला होता. त्याला समुद्रावरील बलाढ्य मित्र हवा होता, म्हणून त्याने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगिजांना देऊन टाकला. पुढच्याच वर्षी दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगीही त्याला द्यावी लागली. १५३७ च्या फेब्रुवारीत त्याच मित्रांशी दीवच्या समुद्रात झालेल्या झटापटीत तो मारला गेला. पोर्तुगीज मात्र वसईत दोनशे वर्षे राहिले.

तिसरा व्यवहार (दुसऱ्याकडे मुद्दाम नंतर येतो, कारण त्यावर अधिक थांबायचे आहे) ३१ डिसेंबर १८०२ चा. यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळाले आणि अखेर इंग्रजांच्या आश्रयाने वसईस आले. मराठ्यांच्या घरातील भांडण मिटविण्यासाठी त्यांनी इंग्रजांस बोलाविले. त्याबदली सहा हजार पायदळाची इंग्रजी फौज कायमची पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय अन्य सत्तेशी बोलणी करणार नाही असे लिहून दिले. मे १८०३ मध्ये बाजीराव पुण्याच्या गादीवर परत बसले खरे, पण पंधरा वर्षांत ती गादीच उरली नाही. मदतीला आलेली फौज काम झाल्यावर परत जाईल की नाही, हे तहाच्या कागदावरच ठरलेले असते. फक्त घाबरलेला माणूस तो कागद नीट वाचत नाही.

आता मधला व्यवहार. हा आपल्या लोकांच्या दृष्टीने अवघड आहे, म्हणूनच तो सरळपणे सांगितला पाहिजे. पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांतात हिंदू प्रजेवर जाच होता, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. उघडपणे धर्मविधी करण्यास बंदी होती, अनाथ हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्कारांत वाढविण्यासाठी ताब्यात घेण्याचे फर्मान होते आणि १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा हात इथपर्यंत पोहोचत असे. राज्यसत्ता आणि ख्रिस्तसभा यांनी एकमेकींचा हात धरला होता आणि त्याची किंमत दुबळ्यांनी मोजली. या जाचाला कंटाळून भिवंडीजवळील अणजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू, तसेच मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारखी मंडळी पेशव्यांकडे गेली. स्थानिक लोकांची माहिती, वाटाड्ये, होड्या आणि फितुरी यांच्या बळावर मार्च १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली; ठाणे पडले आणि साष्टी बेट मराठ्यांच्या हाती आले. वसईचा किल्ला मात्र चिवट ठरला. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या फेब्रुवारीपासून त्याला निकराचा वेढा घातला. सुरुंगांनी सेंट सेबास्तियनचा बुरूज उडवला गेला, मराठ्यांचे हजारो लोक पडले, आणि १६ मे १७३९ रोजी कायतानो द सोझा परेरा याने शरणागतीच्या कलमांवर सही केली. आठवड्याभरात पोर्तुगीज सैन्य शस्त्रांसह आणि निशाणे फडकवीत गलबतांवर चढले.

गंगाजी नाईकांच्या दृष्टीने ही मुक्ती होती. त्यांनी परक्यांना बोलावले, असे त्यांना वाटलेच नसेल. त्यांच्या लेखी परके होते ते किल्ल्यात बसलेले. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला आणि कोळ्याला मात्र त्या मे महिन्यात काय वाटले असेल? तोही याच मातीतला होता, त्याची भाषा, त्याचे नांगर आणि होड्या शेजाऱ्यासारख्याच होत्या. त्याच्या धर्माचे रक्षण ज्यांनी केले ते समुद्रमार्गे निघून जात होते आणि ज्यांच्याशी ते लढले ते वेशीतून आत येत होते. पोर्तुगीज अधिकारी आणि युरोपीय धर्मसंघीय गेले, किल्ल्यातील मठ व मंदिरे ओस पडली, चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीस आणि भीमाशंकरास जाऊन पोहोचल्या. देशी धर्मगुरूंच्या जोरावर विखुरलेल्या धर्मग्रामांनी श्रद्धा टिकवली. त्यांना एक आधार होता. शरणागतीच्या कलमांत, मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता येईल, असे वचन घेतलेले होते. जेत्याने ते दिले, हेही नमूद केले पाहिजे. आज वसईत रविवारी चर्च भरलेले दिसते, त्यात त्या एका कलमाचा वाटा आहे.

एका उठावाच्या मदतीला बाहेरची फौज येते, तेव्हा जुलमी सत्तेच्या बाजूचे समजले जाणारे गरीब लोक मागे उरतात. त्यांचे काय होणार, हा प्रश्न मोहिमेच्या आरंभी फारसा कोणी विचारत नाही. इराकमध्ये २००३ नंतर तेथील ख्रिस्ती समाजाची जी वाताहत झाली, ती पाहिली म्हणजे १७३९ मधील त्या कलमाचे मोल कळते.

विसाव्या शतकात हाच प्रश्न पुन्हा आपल्या दारात आला, आणि तो पोर्तुगिजांच्याच संदर्भात. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियाव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. त्याच वर्षी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना पकडून पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात डांबण्यात आले. गोव्याच्या चळवळीत ख्रिस्ती नावे कमी नव्हती, आणि तरीही लिस्बनचा सालाझार जगाला सांगत होता की गोवा हे पूर्वेतील ख्रिस्ती संस्कृतीचे बेट आहे, त्यावर हिंदू भारत चालून येत आहे. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू रोममध्ये पोप बारावे पायस यांना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नव्हे, हे पोपमहोदयांना मान्य असल्याचे नेहरूंनी त्यानंतर सांगितले.

पालघर जिल्ह्याच्या शेजारी असलेल्या दादरा आणि नगर हवेलीत जे घडले ते तर या विषयाचा धडाच आहे. जुलै १९५४ मध्ये गोमंतकीय स्वयंसेवकांनी दादरा घेतले, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. भारतीय सैन्य आत गेले नाही. भारताने केले ते एवढेच की, दमणहून आपल्या भूमीवरून पोर्तुगीज शिपाई आत जाऊ दिले नाहीत. पोर्तुगालने १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मिळण्याचा पोर्तुगालचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याविरुद्ध वर्तन केले नाही. तोवर तेथील कारभार वरिष्ठ पंचायत चालवीत होती. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो प्रदेश रीतसर भारतात आला. जुलमी सत्तेला आपल्या अंगणातून बंदूक नेऊ न देणे, हीदेखील मदत आहे, आणि ती सर्वांत कमी रक्ताची आहे.

गोव्यात ती वाट पुरेशी ठरली नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसे मेली. भारताने आर्थिक नाकेबंदी केली, आणखी सहा वर्षे वाट पाहिली, आणि डिसेंबर १९६१ मध्ये 'ऑपरेशन विजय' झाले. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम बाजूस ठेवून शरणागती पत्करली. त्यांच्या त्या अवज्ञेने किती निरपराधांचे प्राण आणि किती जुनी चर्चेस वाचली, याची आठवण गोव्याने ठेवावी. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताविरुद्ध ठराव आणला, सात राष्ट्रांनी त्याला पाठिंबा दिला. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. भारताचे म्हणणे होते की वसाहत ही कोणाची मायभूमी नसते, म्हणून हे आक्रमणच नव्हे. माझ्या मते ते म्हणणे सारतः बरोबर होते. परंतु ज्या सोव्हिएत संघाने आपल्याला वाचवले त्यानेच पाच वर्षांपूर्वी, ४ नोव्हेंबर १९५६ रोजी, हंगेरीतील जनतेचा उठाव रणगाड्यांखाली चिरडला होता, आणि तोही 'मदती'च्याच नावाने. 'ती आपलीच माणसे आहेत, त्यांना सोडवायला चाललो' हे वाक्य अणजूरकरांच्या बाबतीत खरे होते. २०१४ मध्ये क्रिमिया घेताना रशियानेही तेच वाक्य उच्चारले.

मग खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी? ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या श्रद्धाशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२४३) जुलमी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलण्यासाठी कडक अटी घातल्या आहेत : मूलभूत हक्कांची गंभीर आणि दीर्घकाळ पायमल्ली झालेली असावी, अन्य सर्व उपाय संपलेले असावेत, त्यातून अधिक मोठा अनर्थ ओढवू नये, यशाची रास्त आशा असावी, आणि दुसरा बरा मार्ग दिसत नसावा. उठणाऱ्याला एवढे बंधन, तर बाहेरून येणाऱ्याला त्याहून कमी असण्याचे कारण नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी डिसेंबर १९९२ मध्ये, ज्या लोकसमूहांचे अस्तित्वच धोक्यात आहे त्यांच्यासाठी मानवतावादी हस्तक्षेप हे कर्तव्य ठरते, असे सांगितले. आणि त्याच पोपमहोदयांनी २००३ मध्ये इराकवरील युद्धाला ठाम विरोध केला. यात विसंगती नाही. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये कोरियाहून परतताना हाच फरक स्पष्ट केला : अन्यायी आक्रमकाला थांबवणे योग्य आहे, पण थांबवणे म्हणजे बॉम्ब टाकणे नव्हे, कसे थांबवायचे हे एकट्या राष्ट्राने ठरवू नये, आणि या सबबीखाली बलाढ्य सत्तांनी कित्येकदा इतरांचे प्रदेश गिळले आहेत. २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात ते आणखी पुढे गेले.

लिबियात या साऱ्याची कसोटी लागली. १७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या रक्षणासाठी ठराव क्रमांक १९७३ संमत केला. भारत तटस्थ राहिला. रक्षणासाठी सुरू झालेली विमानांची मोहीम सत्तापालटाची मोहीम बनली, २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला आणि मदतनीस घरी गेले. त्रिपोलीचे बिशप जोव्हान्नी मार्टिनेली बॉम्बहल्ल्यांत सामान्य नागरिक मरत असल्याचे वारंवार सांगत होते. त्यांचे म्हणणे कोणी फारसे मनावर घेतले नाही. देश अनेक वर्षे यादवीत सापडला. याउलट १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, ३ ते १६ डिसेंबर युद्ध झाले आणि मार्च १९७२ पर्यंत भारतीय सैन्य बांगलादेशातून परत आले. माझ्या दृष्टीने परत येण्याची ही तारीख युद्ध जिंकण्याच्या तारखेइतकीच महत्त्वाची आहे. १८०२ च्या तहात तशी तारीख नव्हती.

आज हा प्रश्न आपल्या पूर्व सीमेवर उभा आहे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. त्या महिन्यांत मिचिना येथे एक धर्मभगिनी, सिस्टर अ‍ॅन रोझ नु तॉंग, सशस्त्र पोलिसांपुढे गुडघे टेकून मुलांना मारू नका म्हणून विनवीत असल्याचे छायाचित्र जगाने पाहिले. २०२३ च्या नोव्हेंबरात लोईकॉ येथील कॅथेड्रलचा परिसर सैन्याने ताब्यात घेतला आणि तेथील बिशप सेल्सो बा श्वे यांना बाहेर पडावे लागले. तेथे सैन्य पाठवा, असे शेजारचे कोणीही म्हणत नाही, आणि म्हणू नये. पण टिआऊ नदी ओलांडून हजारो चिन बांधव मिझोराममध्ये आले तेव्हा, सीमा रोखण्याच्या केंद्राच्या सूचनेनंतरही, मिझोरामच्या सरकारने, चर्चेसनी आणि गावकऱ्यांनी त्यांना आसरा दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सीमेवरील मुक्त ये-जा व्यवस्था रद्द करण्याचा आणि कुंपण घालण्याचा निर्णय जाहीर केला. मिझोराम विधानसभेने त्याच महिन्यात त्याविरुद्ध ठराव संमत केला.