कंबर धरली म्हणून झोपवून ठेवू नका

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत कुणा तरण्या पोरानं "कंबर धरलीय" म्हटलं की पुढचं बोलणं ठरलेलं असतं. "लेका, मणक्यात गॅप पडलाय बघ. वजन उचलू नगंस, तालमीत जाऊ नगंस, महिनाभर पडून ऱ्हा." पारावर, दूध डेअरीच्या रांगेत, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटताना, सगळीकडं हेच औषध. सांगणाऱ्याच्या पोटात माया असते, यात शंका नाही. पण ज्याला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे, त्याच्यासाठी हा सल्ला सरळसरळ उलटा आहे. माझा पाठकणा या आजारानं बराचसा जुळून गेला आहे, मान वळत नाही, आणि "पडून ऱ्हा" हे शब्द कानावर आले की मला राग आवरत नाही.

लोक ज्याला गॅप म्हणतात तो बहुतेक वेळा दोन मणक्यांमधल्या चकतीचा प्रकार असतो. चकती झिजते किंवा सरकते, कधी शिरेवर दाब येतो. हे दुखणं वाकलं, ओझं उचललं की वाढतं आणि टेकलं की कमी होतं. (त्यातसुद्धा महिना-महिना अंथरूण धरायला आता जाणते डॉक्टर सांगत नाहीत. दोन-चार दिवस सांभाळून पुन्हा हिंडायला लागा, असंच सांगतात.) स्पाँडिलायटिसची गोष्टच निराळी. इथं शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात बहुधा पाठकणा आणि कटीचं हाड जिथं मिळतात त्या सॅक्रोइलियाक सांध्यांत होते. अस्थिबंध हाडाला चिकटतात त्या जागी सूज येते आणि पुढं त्याच जागी नवं हाड धरू लागतं. असं वर्षानुवर्षं चाललं तर एक मणका दुसऱ्याला जोडला जातो. एक्स-रेत असा कणा पेरं असलेल्या बांबूसारखा दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला बांबू स्पाइन म्हणतात.

या दुखण्याची चाल ओळखायला यंत्र लागत नाही. ते वयाच्या पंचेचाळिशीच्या आत, बहुतेकदा विशी-तिशीत, हळूहळू सुरू होतं आणि तीन महिन्यांहून जास्त टिकतं. पहाटे तीन-चारला पाठ जागं करते. उठल्यावर अर्धा तास, कधी त्याहून जास्त, अंग लाकडासारखं राहतं. कधी डावं कुल्लं दुखतं, कधी उजवं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे हालचाल केली की बरं वाटतं, विश्रांती घेतली की बिघडतं. गोठ्यातलं शेण काढून, धारा काढून झाल्या की पोरगा मोकळा होतो, आणि सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळला की दिवसभर कण्हतो. घरच्यांना वाटतं कामाच्या दिवशी बरा असतो, सुट्टीलाच सोंग करतो. सोंग नव्हे, हेच आजाराचं लक्षण आहे. असल्या पोराला महिनाभर झोपवून ठेवलं तर सांधे आखडतात, पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू झडतात, आणि मणके जुळायचेच असतील तर वाकलेल्या स्थितीत जुळण्याची भीती वाढते. ताठ कण्यानं जुळलेला माणूस समोर बघून चालतो. वाकून जुळलेल्याला रस्त्याचं डांबर दिसतं, माणसाचा चेहरा दिसत नाही.

हे माझ्या पदरचं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीनं इतर दोन संस्थांबरोबर २०१९ साली या आजाराच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली. त्यांत व्यायामाची आणि फिजिओथेरपीची ठाम शिफारस आहे. विश्रांती हा उपचार म्हणून कुठंही नाही.

मग एवढी सरळ खूण असून आजार सापडत का नाही? एक कारण असं की खेड्यात अंग दुखणाऱ्यांचीच गर्दी मोठी आहे. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी साधारण १८ टक्क्यांना हाडा-सांध्यांची काही ना काही तक्रार होती. एवढ्या कंबरा दुखत असताना त्यातली एखादी वेगळी कंबर कोण निवडणार? मालवीय आणि अग्रवाल या डॉक्टरांनी २००९ साली भारतातल्या ७० रुग्णांचा अभ्यास छापला. पहिलं दुखणं आणि नेमकं निदान यांच्यात सरासरी ६.९ वर्षं गेलेली होती. जवळजवळ सात वर्षं! विशीतला गडी सत्ताविशीला पोचतो आणि तोवर पट्टा, शेक, मालिश, नवस सगळं होऊन गेलेलं असतं.

बायकांची वाट तर आणखी लांबते. "हा पुरुषांचा आजार" हा जुना समज अजून काही दवाखान्यांतही टिकून आहे. एक्स-रेत दिसण्याच्या आधीच्या टप्प्यात बायका आणि पुरुष जवळजवळ सारख्याच संख्येनं असतात. पण बाईची कंबर दुखली की बोट सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनकडं जातं. सुई टोचली ती जागा काही दिवस दुखते, हे खरं. पाच-दहा वर्षांनंतरच्या पहाटेच्या आखडण्याशी त्या सुईचा संबंध नाही. हुपरी परिसरात चांदीकामात तासन्‌तास वाकून बसणाऱ्या कामगारांचंही तसंच. वाकून बसण्यानं पाठ दुखते, पण स्पाँडिलायटिस होत नाही. तो असेल तर मात्र अशा बैठकीत जास्त धरतो. दर अर्ध्या तासानं उठून पाठ मागं ताणायला कुठल्याही मालकाची हरकत असायला नको.

दुसरा समज मला थेट तोंडावर ऐकायला मिळतो. "आता मणकं जुळल्यात न्हवं, मग दुखायचं काय कारण?" जुळलेल्या जागेचं दुखणं काहींचं खरंच ओसरतं. पण सगळा कणा एकदम जुळत नाही. वरची पाठ जुळलेली असते तेव्हा मान धगधगत असते. बरगड्यांचे सांधे, टाचा, खुबे वेगळे दुखतात. जो भाग हलत नाही त्याचं काम शेजारचे स्नायू करतात आणि तेही थकतात. थकवा तर असा, की रात्रभर झोपूनही उतरत नाही, कारण सूज अंगभर असते. जुळलेला माणूस शांत दिसतो म्हणून त्याला दुखत नाही, हा हिशेब चुकीचा आहे. उलटाही एक समज आहे, की हा आजार झाला म्हणजे कणा जुळणारच. तसं नाही. पुष्कळांचा कणा पूर्ण कधीच जुळत नाही, आणि लवकर उपचार घेणाऱ्यांना आज माझ्या पिढीपेक्षा कितीतरी बरे दिवस आहेत.

जुळलेल्या कण्यानं जगताना काय करायचं, हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगतो. गादी टणक, उशी पातळ. रोज थोडा वेळ पालथं झोपायचं, म्हणजे खुबे आणि कणा पुढं वाकत नाहीत. दीर्घ श्वासाचा व्यायाम चुकवायचा नाही, कारण बरगड्या आखडल्या की छाती फुलत नाही. पोहणं उत्तम. पण विहिरीत मुटका किंवा सूर मारायचा नाही. मान वळत नसेल तर श्वासासाठी तोंडात धरायची नळी वापरायची, त्यात लाज कसली? मोटारसायकलचे दोन्ही आरसे शाबूत हवेत, कारण हुपरी रस्त्यावर मागून ट्रक येतोय का हे आपल्याला मान वळवून कळणार नाही. तालमीचं काय, असं पोरं विचारतात. कणा जुळला असेल तर कुस्तीची झोंबी बंद, अंगाचा व्यायाम बंद नाही. कुठला करायचा ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

बाकीचे समज थोडक्यात. दही, चिंच, वांगं, बटाटा बंद केल्यानं हा आजार हटत नाही. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे वात नाही, असं नाही; या आजारात तो निगेटिव्हच येतो. एक्स-रे स्वच्छ आला तरी आजार असू शकतो, सुरुवातीची सूज एमआरआयमध्ये दिसते. एचएलए-बी२७ या जनुकाचा आणि आजाराचा संबंध १९७३ साली सापडला, पण ते जनुक असलेल्या बहुतेक माणसांना हा आजार आयुष्यभर होत नाही. नुसत्या रिपोर्टवर घाबरू नका. आईला किंवा बापाला हा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे ८ टक्के असते, तेव्हा त्या कारणानं लग्न मोडायचं कारण नाही. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना, तर डोळे आले म्हणून दुकानातले थेंब घालू नका. याच आजाराची सूज डोळ्यात उतरते, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. बिडी-सिगारेटनं कणा लवकर जुळतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आणि हसण्यानं हा आजार बरा होतो, असं हास्यक्लबात सांगतात. त्याचं मूळ नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाच्या १९७९ च्या पुस्तकात आहे. दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागे, असं त्यांनी लिहिलं. मुंबईत १९९५ साली पहिला हास्यक्लब काढणाऱ्या डॉ. मदन कटारियांनाही त्यातून स्फूर्ती मिळाली. हसावं जरूर, पण कझिन्स यांना नेमका हाच आजार होता का, याबद्दल पुढं डॉक्टरांनीच शंका घेतल्या आहेत.

गोळ्यांबद्दलची भीती जरा समजण्यासारखी आहे. "पेनकिलरनं किडनी जाते" म्हणून लोक दुखणं सोसत बसतात. मनानं दुकानातून घेतलेल्या गोळ्यांनी किडनीला आणि पोटाला धोका होतोच. पण या आजारात सूज उतरवणाऱ्या त्याच जातीच्या गोळ्या हा पहिला उपचार आहे, रक्तदाब आणि किडनी तपासत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. अडालिमुमॅब २०१४ पासून भारतातही बनतं. ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते, कारण अंगात दबून राहिलेला टीबी त्यांच्यामुळं उसळू शकतो. वाताच्या बिननावाच्या पुड्यांपासून मात्र लांब राहा. असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. त्यानं चार दिवस पाखरासारखं हलकं वाटतं आणि हाडं ठिसूळ होतात.

हाडं ठिसूळ होणं इथं जिवावर बेतू शकतं, आणि म्हणूनच मणका बसवून देणाऱ्यांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. पालथं पाडून पाठीवर पाय देणं, मान धरून कडकन वळवणं, काखेत हात घालून उचलून झटका देणं. सरकलाच नाही तो मणका बसवणार कुठं? जुळलेल्या कण्याला असा झटका देऊ नये, असं वर सांगितलेल्या २०१९ च्या मार्गदर्शनात ठामपणे लिहिलं आहे. जुळलेल्या कण्यात धक्का जिरवायला चकत्यांची लवचिकता उरलेली नसते. तो आडवा, आरपार मोडतो, आणि मोडलेली टोकं सरकली तर मज्जारज्जू चेपून हातपाय जाऊ शकतात. त्यासाठी मोठा अपघात लागत नाही. न्हाणीत पाय घसरणं, पलंगावरून पडणं, गतिरोधकावर गाडी आदळणं एवढं पुरतं.

त्यामुळं कणा जुळलेला माणूस पडला आणि मानेत किंवा पाठीत नवीन, वेगळं दुखू लागलं, तर हाड मोडलंय असंच धरून चाला. तो स्वतः उठून बसला, चहा प्यायला, तरीही. १०८ ला फोन करा. उचलताना त्याची मान पहिल्यापासून पुढं वाकलेली असेल तर ती सरळ करायला जाऊ नका. जशी होती तशीच डोक्याखाली उशा-चादरी देऊन आधार द्या. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्या नाहीतर आणखी कुठं, पहिल्या वाक्यातच सांगा की कणा जुळलेला आहे, नुसता एक्स-रे पुरणार नाही, सीटी स्कॅन हवा. ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञांनाही आधी सांगा, कारण मान मागं जात नसल्यानं श्वासनलिकेत नळी घालायला त्यांना वेगळी तयारी करावी लागते. हे सगळं एका कागदावर लिहून पाकिटात, आधार कार्डाशेजारी ठेवा, आणि तो कागद कुठं आहे हे घरच्यांना सांगून ठेवा.