एकुलते एक झुडूप

हिंदी महासागरात मॉरिशसच्या पूर्वेस रॉड्रिग्स नावाचे लहानसे बेट आहे. वस्तीसाठी व शेतीसाठी माणसांनी तेथील रान तोडले. उरलेसुरले मोकाट शेळ्यांनी फस्त केले. त्याबरोबरच 'कॅफे मारों' हे कॉफीच्या कुळातील, चांदणीसारख्या शुभ्र फुलांचे झुडूपही नष्ट झाले, असे शास्त्रज्ञ समजून चालले होते.

१९८० च्या सुमारास तेथील एका शिक्षकांनी विद्यार्थ्यांना रानातील वनस्पती आणावयास सांगितले. एका मुलाने रस्त्याच्या कडेच्या झुडपाची फांदी आणली. ती कॅफे मारोंची निघाली! रानात तेवढे एकच झुडूप उरले होते. मात्र ही वार्ता पसरताच लोक औषध म्हणून त्याच्या फांद्या तोडून नेऊ लागले. कुंपण घातले, तरी चोरी थांबेना.

१९८६ साली त्याच्या काही फांद्या विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचल्या. त्यांतील एकच रुजली. पुढे फुले विपुल आली, परंतु बी धरेना. आणि बीवाचून वंश कसा वाढावा? कार्लोस मॅग्दालेना या माळ्याने कित्येक फुलांवर परागसिंचनाचे प्रयोग केले. अखेर २००३ साली फळ धरले.

पुढे काही बिया रॉड्रिग्सला परत गेल्या. त्यांपासून झालेल्या रोपांची पाने मातृवृक्षासारखी रुंद व हिरवी नव्हती. ती अरुंद, लांब व तपकिरी होती. पूर्वी बेटावर चरणाऱ्या महाकाय कासवांना चकविण्यासाठीच रोपे लहानपणी हा वेष घेत असावीत, असे शास्त्रज्ञांना वाटते. ती कासवे मात्र केव्हाच नामशेष झाली आहेत.