टाळेबंदी, फोन आणि पावलं

कोरोनाच्या साथीमुळे स्पेनमध्ये १४ मार्च २०२० रोजी आणीबाणीची स्थिती जाहीर झाली आणि माद्रिदचे रस्ते ओस पडले. किराणा, औषधं, कुत्र्याला फिरवणं अशा मोजक्या कारणांसाठीच घराबाहेर पडता येई. मोठ्यांना फिरायला, व्यायामाला परवानगी मिळाली ती थेट २ मे रोजी, तीही ठरावीक वेळात.

मानसोपचार घेणाऱ्यांसाठी हा काळ अधिक कसोटीचा होता. नैराश्यात आधीच अंथरूण सोडवत नाही. हालचाल थांबली की झोप बिघडते आणि मन आणखी खचतं.

माद्रिदमधल्या अशाच बाह्यरुग्णांच्या संमतीने त्यांच्या फोनमधल्या या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. फोनमधला संवेदक शरीराच्या हालचालींवरून पावलं मोजतो. कोणतं अ‍ॅप किती वेळ उघडं होतं, हेही फोनला कळतं. त्यासाठी संदेश वाचावे लागत नाहीत.

बहुतेकांचं चालणं घटलं, पण सगळ्यांचं सारखं नाही. समाजमाध्यमं आणि संवादाची अ‍ॅप्स जास्त वापरणाऱ्यांमध्ये हालचाल टिकून राहण्याची शक्यता अधिक दिसली.

पण यावरून फोनमुळेच माणसं चालली, असं म्हणता येणार नाही. बरं वाटणारा माणूस बोलतोही अधिक आणि चालतोही अधिक. तरीही घरच्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी: रुग्णाचा फोन सरसकट काढून घेऊ नये. तो त्यावर कुणाशी बोलतो का, हे आधी पाहावं. बोलणं आणि चालणं दोन्ही एकदम मंदावलं, तर डॉक्टरांना लगेच कळवावं.