आठ दिवसांचा आठवडा

आठवडा सात दिवसांचा, हें लहान मुलालाही ठाऊक असतें. परंतु पॅलेस्टाइनमध्यें जेरुसलेमच्या नैर्ऋत्येस बत्तीर नांवाचें एक डोंगरी गांव आहे; तेथें आठवडा आठ दिवसांचा मानितात. हा पंचांगांतील घोळ नव्हे. ती पाण्याची वांटणी आहे.

गांवच्या झऱ्याचें पाणी रोमन काळच्या दगडी तळ्यांत सांठतें आणि तेथून पाटांनीं खालच्या मळ्यांत जातें. गांवांत मुख्य घराणीं आठ, व प्रत्येकाच्या वांट्याला एक दिवसाचें पाणी. अर्थातच पाळी फिरून येण्यास आठ दिवस लागतात.

मळे म्हणजे सपाट रान नव्हे. डोंगराच्या उतारावर चुन्यावांचून दगडावर दगड बसवून गडगे रचिलेले आहेत आणि त्यांच्यामागें मातीच्या पायऱ्या धरिल्या आहेत. चुना नसल्यामुळें पावसाचें जास्तीचें पाणी फटींतून झिरपून जातें. भिंतीवर दाब येत नाहीं आणि माती जागींच राहते. पाण्याखालच्या पायऱ्यांवर भाजीपाला, त्यांत तेथील वांगीं विशेष नांवाजलेलीं. कोरड्या पायऱ्यांवर ऑलिव्ह आणि द्राक्षें. मात्र ढासळलेला दगड वेळींच बसविला नाहीं, तर पायरीची माती पुढच्या पावसाळ्यांत वाहून जाते. ही विद्या पुस्तकांत नाहीं; ती बापाच्या हातून मुलाच्या हातीं येते.

याच दरींतून १८९२ सालीं याफा-जेरुसलेम आगगाडी सुरू झाली. १९४८ च्या युद्धांत बहुतेक गांवकरी निघून गेले. हसन मुस्तफा व त्यांचे थोडे सोबती मागें राहिले. रिकाम्या घरांत दिवे लावून आणि कपडे वाळत घालून त्यांनीं गांव भरलेलें असल्याचा भास निर्माण केला, असें सांगतात. १९४९ च्या युद्धविरामाची रेषा गांवच्या जमिनींतून गेली. तरी आगगाडीला उपद्रव होऊं द्यावयाचा नाहीं, या बोलीवर रेषेपलीकडील शेतें कसण्याची मुभा गांवकऱ्यांना मिळाली.

पुढें इस्रायलनें याच दरींतून विभाजक भिंत नेण्याचें योजिलें. प्रकरण न्यायालयांत गेलें, तेव्हां खुद्द इस्रायलच्या निसर्ग व उद्यान खात्यानेंही त्या आखणीस विरोध केला. २०१४ सालीं युनेस्कोनें हा प्रदेश जागतिक वारसा ठरविला आणि त्याच वेळीं त्याची गणना संकटांतील स्थळांतही केली. २०१५ सालीं भिंतीचें काम तूर्त थांबलें; परंतु २०२४ सालीं त्याच परिसरांत नवी इस्रायली वसाहत वसविण्याचें जाहीर झालें.

वारशाच्या यादींत नांव आलें म्हणून ढासळलेला दगड आपोआप वर चढत नाहीं. तो उचलून बसविणाऱ्या माणसाला त्या पायरीपर्यंत जातां आलें पाहिजे. बत्तीरचा सारा प्रश्न एवढ्यांतच सांठलेला आहे.